व्हिसा नाकारला गेलाय. परत अर्ज कधी आणि कसा करायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही अमेरिकेत डॅलसला एच-१बी वर, म्हणजे मुदतीच्या कामाच्या व्हिसावर, नोकरी करता. आई-बाबा तासगावजवळच्या गावी असतात. बाबा झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेत, घरची दोन एकर द्राक्षबाग आहे. जूनमध्ये तुमच्याकडे पहिलं बाळ येणार म्हणून दोघांनी मुंबईत बी१/बी२ चा, म्हणजे अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाचा, इंटरव्ह्यू दिला. तीन मिनिटांत पासपोर्ट परत मिळाले आणि सोबत २१४(बी) चा कागद हातात आला. फॉर्म भरणारा एजंट आता सांगतोय की लगेच हैदराबादहून नवा अर्ज टाका, खात्यात दहा-पंधरा लाख दाखवा आणि बाळाचा विषय काढू नका, नुसतं फिरायला जातोय म्हणा. तुम्ही विचारताय की किती महिने थांबायचं आणि कागद कोणते वाढवायचे.

मी पुण्यात १९ वर्षं व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचं आणि इंटरव्ह्यूची तयारी करून घेण्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तुमच्यासारखीच घरं असतात, मुलं तिकडे आणि आई-वडील इकडे. त्यामुळे थेट सांगते. महिने किती आणि कागद किती हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी हे शोधायचंय की त्या तीन मिनिटांत काचेपलीकडच्या व्हिसा अधिकाऱ्याला तुमचे आई-बाबा कसे दिसले. तुम्ही त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून पाठवलंत, हे फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे.

त्याआधी २१४(बी) म्हणजे काय ते. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं हे कलम सांगतं की पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक जण कायमचा राहायला येतोय असंच अधिकाऱ्याने आधी धरून चालायचं. तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे तुमच्या बाबांवर कुणी खोटेपणाचा ठपका ठेवलेला नाही, त्यांच्यावर बंदीही आलेली नाही. ‘त्या दिवशी, त्या माहितीवर, माझी खात्री पटली नाही’ एवढाच त्या कागदाचा अर्थ. त्यावर अपील नाही. वकिलाची नोटीस, खासदारांचं पत्र, कॉन्सुलेटला (अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाला) लांबलचक ईमेल, यातून काही निघत नाही. पण परत अर्ज करायला कायद्यात कसली मुदतही नाही, उद्यासुद्धा करता येतो. फक्त नवा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, भरायचा, नवी फी भरायची आणि नवा इंटरव्ह्यू द्यायचा. फी २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. दोघांचे मिळून ३७० डॉलर हातचे जाणार, म्हणून तोच अर्ज तसाच पुन्हा टाकण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता त्या खिडकीवर या. तुम्ही लिहिलेलं मी चार वेळा वाचलं. कुठे चाललात? मुलाकडे. तुम्ही काय करता? रिटायर्ड. किती दिवस राहणार? सहा महिने. आणखी मुलं? नाही, हा एकुलता एक. आणि शेवटी आईंनी आपणहून जोडलं : ‘मुलगा तिकडेच सेटल झालाय, इथे आता आम्हा दोघांनाच करमत नाही.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आपल्या घरात रोज असंच बोललं जातं. पोराला नोकरी लागली की आपण तो सेटल झाला म्हणतो, मग ती नोकरी पिंपरीत असो नाहीतर डॅलसमध्ये. पण दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा अधिकाऱ्याने काय ऐकलं असेल? एकुलता एक मुलगा अमेरिकेत कायमचा राहतोय, आई-वडिलांना इकडे काम नाही, इकडे मन लागत नाही आणि सहा महिने राहायचंय. २१४(बी) ज्या माणसाला गृहीत धरतं, नेमका तोच माणूस आईंनी मायेपोटी त्याच्यासमोर उभा केला. तुम्ही एच-१बी वर आहात, म्हणजे तुमचाच व्हिसा मुदतीचा आहे, हे त्या बोलण्यात कुठेच आलं नाही.

आणि द्राक्षबाग? तुमच्या प्रश्नात ती पहिल्या चार ओळींत आहे. खिडकीवर तिचा एकदाही उल्लेख झाला नाही. ती फॉर्ममध्ये तरी आहे का, हे आधी बघा. मला दाट शंका आहे की नाही. डीएस-१६० मध्ये व्यवसायाची यादी उघडते. त्यात ‘रिटायर्ड’ निवडलं की सध्याच्या कामाची पुढची माहिती तो विचारतच नाही. ‘ॲग्रिकल्चर’ निवडलं तर पत्ता, महिन्याचं उत्पन्न आणि कामाचं थोडक्यात वर्णन विचारतो. दिवसाला दहा-पंधरा फॉर्म भरणारा माणूस पेन्शनर दिसला की ‘रिटायर्ड’ दाबून मोकळा होतो.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. २०१२ साली संगमनेरकडच्या एका बाईंचा फॉर्म मी भरला होता. मुलगी कॅलिफोर्नियात, नवरा वारलेला. घरातले सगळे ‘आई घरीच असते’ म्हणाले, मी ‘होममेकर’ लिहिलं. नाकारला. नंतर त्या ऑफिसात येऊन बसल्या तेव्हा मी सहज विचारलं, सकाळी किती वाजता उठता? म्हणाल्या, चारला, धारा काढायच्या असतात. अकरा जनावरं होती. दूध डेअरीला जात होतं आणि दर दहा दिवसांचं बिल त्यांच्याच नावावर जमा होत होतं. त्या बिलांची चळत पिशवीत घालून त्या मुंबईला गेल्या होत्या आणि ती कुणी उघडून बघितली नव्हती, कारण फॉर्मवर तसं काही नव्हतंच. पाच महिन्यांनी दुसरा अर्ज केला. काम काय, जनावरं किती, त्या नसताना दीर कसे बघणार, सगळं फॉर्ममध्ये लिहिलं. त्या वेळी व्हिसा मिळाला. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारते, फॉर्म मग उघडते.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत असं की परिस्थिती कच्ची नाही, ती समोर आली नाही. अशा वेळी सहा महिने नुसतं थांबून काही मिळत नाही. फॉर्म दुरुस्त झाला, आई-बाबांना आपलं खरं आयुष्य चार वाक्यांत सांगता आलं की अर्ज करता येईल.

पण हे सगळ्यांना लागू नाही. हे वाचून दुसऱ्या कुणी लगेच फी भरू नये, म्हणून सांगते. लातूरचा एक २४ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. इंजिनिअरिंग झालेलं, नोकरी नाही, न्यू जर्सीला बहिणीकडे दोन महिने जायचं होतं. त्याचा फॉर्म अगदी बरोबर होता, उत्तरंही खरी होती. अडचण परिस्थितीतच होती आणि ती शब्दांनी बदलणार नव्हती. मी त्याला सांगितलं, आधी नोकरीला लाग, वर्षभर टिक, मग सुट्टी काढून जा. त्याने ऐकलं नाही, वर्षात तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नाकारला. तीन वेळचे पैसे गेले आणि तीन नकारांची नोंद राहिली. अशा ठिकाणी थांबणं हाच उपाय असतो, आणि किती थांबायचं हे परिस्थिती बदलायला लागणाऱ्या वेळेवर ठरतं.

तिसरा प्रकार वेगळा आहे. कागदावर २२१(जी) असेल तर तो बहुतेक वेळा पूर्ण नकार नसतो. त्यांना आणखी कागद किंवा तपासणी हवी असते. तिथे मागितलेलं द्यायचं आणि वाट बघायची, नवा अर्ज टाकायचा नाही. आणि २१२ ने सुरू होणारं कलम असेल, म्हणजे खोटी माहिती, पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहणं वगैरे, तर माझ्यासारखीकडे येऊ नका, अमेरिकन इमिग्रेशन वकील गाठा. खोट्या माहितीचं कलम लागलं तर बंदी जन्मभराची असते, विशेष सूट मिळाली तरच आत जाता येतं. तुमचा एजंट जे सुचवतोय त्याचा रस्ता तिकडेच जातो. म्हणून त्याचे तिन्ही सल्ले एकेक करून बघू.

हैदराबाद. मुंबईत काय झालं हे हैदराबादच्या अधिकाऱ्याला त्याच्या पडद्यावर दिसतं. सगळ्या कॉन्सुलेटची नोंद एकच असते, पहिल्या अधिकाऱ्याचे शेरेसुद्धा त्यात असतात. तिकडे जाऊन नकार पुसला जात नाही. उलट मुंबईत आई-बाबांना मराठीत बोलायची सोय आहे, ती घालवून बसाल. तासगावची माणसं रात्रभर प्रवास करून परक्या शहरात अडखळत हिंदीत बोलणार, हे मला अजिबात पटत नाही.

दहा-पंधरा लाख. तुमच्या अर्जावर संशय पैशाचा नव्हताच. खर्च तुम्ही करणार हे त्यांना माहीत आहे. निवृत्त शिक्षकाच्या खात्यात आठवड्यापूर्वी अचानक मोठी रक्कम आली, हे कुणी बघितलंच तर उलट प्रश्न उभे राहतात. बाबांची पेन्शन दरमहा जमा होते आणि बागेचे पैसे हंगामात येतात. ते पासबुक जसं आहे तसं चांगलं आहे.

बाळाचा विषय न काढणं, हा तर सगळ्यात वाईट सल्ला. सुनेचं बाळंतपण, पहिलं नातवंड, ही आजी-आजोबांनी जाण्याची रास्त कारणं आहेत, बी२ त्यासाठी चालतो. ‘फिरायला’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न येणार, काय काय बघणार? आईंना दोन ठिकाणांची नावं पाठ करून सांगावी लागतील आणि ते पाठ केलेलं आहे हे पहिल्याच वाक्यात कळेल. फक्त एक काळजी घ्या. ‘बाळ सांभाळायला चाललोय’ हे आपल्याकडचं वाक्य तिकडे बिनपगारी कामाला चालल्यासारखं ऐकू जाऊ शकतं, त्यात सहा महिन्यांची मुदत जोडली की आणखीनच. नातवंडाचं तोंड बघायला, बारशाला, सुनेजवळ थोडे दिवस राहायला जातोय. हेच तर खरं आहे ना? मग हेच सांगा.

आता मुदत. आई-बाबा सहा महिने का म्हणाले? बहुतेक वेळा उत्तर येतं की तिकडे उतरल्यावर सहा महिने देतात असं ऐकलं होतं म्हणून. द्राक्षवाल्या घराला हे शोभत नाही आणि जमतही नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, पुढे माल निघेपर्यंत बागेतून पाय निघत नाही, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग ते मेअखेर जाऊन ऑगस्टअखेर परत येऊ शकतात का? मधल्या काळात फवारण्या कोण बघणार, भाऊ की सालगडी? हे सगळं बाबांनी खरोखर ठरवायचं, इंटरव्ह्यूसाठी म्हणून नाही. एकदा ठरलं की ‘फळछाटणीच्या आधी मला परत यावंच लागतं’ हे वाक्य त्यांना कुणी शिकवावं लागणार नाही. परत येण्याचं यापेक्षा पक्कं कारण मी कुठल्या कागदात बघितलेलं नाही.

फॉर्मकडे वळू. जुन्या डीएस-१६० ची प्रत एजंटकडून मागून घ्या, तो तुमच्या आई-बाबांचा कागद आहे, देत नसेल तर बाबांना समोर जाऊन बसायला सांगा. मग तुम्ही तिघं फोनवर बसून ओळ न् ओळ वाचा. मी मुद्दाम थांबून बघते त्या जागा सांगते. एक, व्यवसाय, तो वर आलाच. दोन, याआधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता का? आता याचं उत्तर ‘हो’ आहे आणि यापुढे कायम ‘हो’च राहील. खाली खुलाशाच्या चौकटीत महिना-वर्ष, मुंबई, बी१/बी२, २१४(बी) एवढंच. तिथे बाजू मांडत बसू नका. तीन, कुणी तुमच्यासाठी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे तिकडे कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज, भरली आहे का? इथे बरीच घरं फसतात. एखाद्या काकांनी वीस वर्षांपूर्वी भावासाठी पिटिशन टाकलेली असते आणि सगळे ती विसरून गेलेले असतात. असं काही असेल तर ‘हो’ लिहायचं आणि विचारलं तर शांतपणे सांगायचं. मागच्या फॉर्ममध्ये चुकून ‘नाही’ गेलं असेल तर या वेळी दुरुस्त करा आणि जाण्याआधी वकिलाशी एकदा बोला. चार, हा फॉर्म भरायला कुणी मदत केली का? एजंट हमखास ‘नाही’ लिहितात. मदत घेतली असेल तर ‘हो’ लिहा, नाव द्या. फॉर्मवर सही बाबांची असते, चूक कुणाचीही असो, उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

कागदांबद्दल थोडक्यात. सातबारा, पेन्शनचा कागद, पासबुक, मागच्या हंगामाच्या मालविक्रीच्या पट्ट्या, तुमचा एच-१बी चा मंजुरीचा कागद आणि तुमचं एक साधं पत्र न्यावं. कागद मागतील असं धरू नका, बहुतेक वेळा फाइल उघडतच नाहीत. निर्णय फॉर्म आणि बोलणं यावर होतो.

इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे उत्तरं पाठ करणं नव्हे. मी आई-बाबांना समोर बसवते आणि मराठीत तेच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारते, एवढंच. विचारलं तेवढंच सांगायचं, आकडा असेल तिथे आकडा सांगायचा. ‘तुम्ही काय करता?’ याला ‘शाळेतून निवृत्त झालो, आता दोन एकर द्राक्षबाग बघतो’ हे पुरेसं आहे. ‘मागच्या वेळी का नाकारला?’ हा प्रश्न आला तर घाबरायचं नाही आणि एजंटला दोषही द्यायचा नाही. ‘तेव्हा मी शेतीबद्दल सांगितलं नव्हतं, सहा महिने म्हणालो होतो. आता तीन महिने जायचं ठरवलंय, छाटणीला परत यायचंय.’ बस्स. आईंना तेवढं ‘सेटल’ या शब्दाबद्दल प्रेमाने सांगा. त्यांच्यामुळे व्हिसा गेला असं त्यांना वाटू देऊ नका, कारण तसं झालेलं नाही. फॉर्म नीट असता तर ते एक वाक्य चालून गेलं असतं.

काही लोक सुचवतात की एकट्या आईंनाच पाठवा, बाबा मागे आहेत म्हटल्यावर देतील. खरोखरच बाबांना बाग सोडता येत नसेल तर तसं करा. पण दोघांचं जायचं ठरलेलं असताना आधी एकीचा काढून घेऊ, मग दुसऱ्याचा, ही युक्ती म्हणून करू नका. दुबई-थायलंडला जाऊन पासपोर्टवर शिक्के घेण्याचंही तेच. हौस असेल तर जरूर जावं, पण चार दिवसांच्या बँकॉकने ‘एकुलता एक मुलगा तिकडे आहे’ या शंकेचं उत्तर मिळत नाही.

आणि जूनचं खरं सांगायचं तर मला खात्री देता येत नाही. तारखा कधी महिन्याभरात मिळतात, कधी वर्षभर मिळत नाहीत. तातडीची तारीख आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी असते, नातेवाइकाच्या बाळंतपणासाठी ती देत नाहीत. तारीख मिळाल्यावर सारखी बदलत बसू नका, मर्यादेबाहेर बदल केला तर फी पुन्हा भरावी लागते. आणि सगळं नीट करूनही दुसरा अधिकारी नाही म्हणू शकतो, मी तेही बघितलंय. म्हणून सुनेच्या बाळंतपणाची दुसरी सोय आत्ताच करून ठेवा आणि व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. जूनची तारीख हुकली तर घाईत अर्धवट फॉर्म टाकण्यापेक्षा पुढच्या वर्षी खरड छाटणी उरकून, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला जाण्याचा अर्ज करा. तोही तितकाच खरा असेल.

आज रात्री बाबांना फोन कराल तेव्हा दोन गोष्टी विचारा. फॉर्मवर व्यवसाय काय लिहिलाय, आणि अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाने पूर्वी कधी त्यांच्यासाठी कागद भरले होते का. ही दोन उत्तरं मला कळवा, मग नव्या फॉर्मचं बोलू.